खिडकीतून दिलेलं डावं बोट

हे आजपर्यंत कोनालेच सांगतलं नाई, बायकोलेबी नाई. तुमाले सांगून राह्यलो, कारन परवाच्या वरातीत दादानं जे केलं, त्याच्यानंतर हे पोटात ठेवनं जमूनच नाई राह्यलं.

काय केलं म्हनता? अहो, वाजवलं! नांदुऱ्यात, स्टेशनापासून थेट मंडपापर्यंत! एका दमात आख्खं कडवं, ना थांबला, ना खोकलला. दादा माहा मोठा भाऊ. आमच्या बँडातलं ट्रम्पेट त्याचं, ढोल माहा. ज्याच्या फुप्फुसाची कोरोनानं चाळन केली, ज्याच्या हृदयालेबी सूज आली, ज्याले डाक्टर म्हनले वाजवनं विसरा — तो वाजवून राह्यला होता बाप्पा! मी मांगून ढोल बडवत होतो अन् ढसाढसा रडत होतो. लोकाईले वाटलं, आनंदानं. आनंद तर होताच — पन नुसता आनंद होता काय?

सांगतो. येऊन राह्यलो मुद्द्यावर.

दुसऱ्या लाटेतली गोष्ट. दादाले चार दिवसांचा ताप. आरोग्य खात्याची आशाताई ऑक्सिजन मोजाची बोटाची मशीन घेऊन घरोघरी फिरे; कमी निघाला का सरळ दवाखान्यात धाडे. अंदर येत नसे, खिडकीपाशी उभी राहून म्हने, "एकेकानं बोट द्या हो बाहेर." अन् आमच्याकडं दोन दिवसांवर लग्नाची सुपारी, लय महिन्यांनी आलेली. ट्रम्पेटबिगर कायचा बँड? दादा सकाळीच म्हनला होता, "काई नाई बे, थोडा दम लागते." जन्मभर फुंकनारा मानूस म्हनते दम लागते — मले समजलं नसन काय?

समजलं होतं. म्हनूनच तर —

पयले उजवं बोट दिलं, ते माहं. मंग पडद्याआड सरकलो, आवाज जाड केला, दादाचं नाव सांगतलं अन् डावं बोट दिलं. तेबी माहंच. "दोघंबी झकास," म्हनून ताई पुढं गेली. दादा अंदर चादर घेऊन झोपला होता. उठल्यावर त्याले सांगतलं, तू झोपेत होता तवाच तुहं बोट मोजून घेतलं, चांगलं हाये. त्यानं इश्वास ठेवला. हसलाबी.

दुसऱ्या दिवशी ओठ निळे पडले. म्याच बुलढान्याले नेलं. डाक्टरनं इचारलं, "इतके दिवस काय करत होते?" म्या भरतीच्या कागदावर सही केली.

घरी आला तवा चार पायऱ्यांत त्याची छाती धडधडे. श्वास ओढून तीन चेंडू वर उचलायचं ते यंत्र — महिनाभर एक चेंडू हालला नाई. मंग एक उठला. मंग दुसरा. तिसरा उठला त्या दिवशी आख्खी गल्ली ओरडली! ट्रम्पेटमधून पयला सूर निघायले अजून दोन वर्षं लागले. पन काढला पठ्ठ्यानं!

परवा मंडपात नवरीच्या बापानं दादाले हार घातला. दादानं तो काढून माह्या गळ्यात टाकला अन् माइकवर बोलला, "मले या धाकट्यानं वाचवलं. मी झोपेत होतो, तरी याचं माह्या बोटावर ध्यान होतं."

टाळ्या पडल्या. म्या हार गळ्यात राहू देल्ला अन् ढोल उचलला.