आजीची तिथी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि आमच्यात लपवाछपवी नसते, असं मीच चारचौघांत मिरवत असते.

घराण्याची वंशावळ मी जुळवली. जुन्या नोंदींच्या नकला काढायच्या, कोण कधी जन्मलं, कोण कधी गेलं ते लावायचं. नातेवाइकांच्या ग्रुपवर वाहवा व्हायची, आणि ती मला चढली होती. बाबांनी मात्र एकच मागितलं. ते चार वर्षांचे असताना त्यांची आई गेली, रामटेकजवळच्या खेड्यात. दिवस कुणाला ठाऊक नव्हता. पितृपक्षात अविधवा नवमीला तिचं पान वाढलं जायचं, पण तो दिवस सवाष्ण गेलेल्या सगळ्याच बायकांचा. तिचा स्वतःचा कुठला?

गावचा कोतवाल तेव्हा जन्म-मृत्यू लिहून ठेवायचा. ती बुकं तालुक्याच्या कचेरीत असतात. मी गेले — एकदाच. मे महिना होता. जुने गठ्ठे सोडावे लागतील, आठ दिवसांनी या, म्हणाले. मी गेले नाही. का? ऊन होतं, कंटाळा होता, दुसरं काही नाही. बाबा रोज विचारायचे. शेवटी वैतागून सांगून टाकलं — सापडली नोंद, माघ वद्य पंचमी.

बाबा रडले. मग म्हणाले, खरंच थंडी होती गं, तिला नेलं तेव्हा मला कुणीतरी घोंगडीत घेतलं होतं. माझ्या थापेतून त्यांना आई आठवायला लागली होती! तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं ना मी?

पुढे नोंदी संगणकावर आल्या आणि खरी नक्कल माझ्या हाती पडली. तारीख पंचांगाशी ताडून पाहिली — भर ज्येष्ठ. मी ती नक्कल फाडून टाकली. म्हाताऱ्या माणसाची घोंगडी कशाला हिरावून घ्यायची, असं स्वतःला समजावलं. तेही खोटंच. मला माझी अब्रू प्यारी होती.

बाबा दरवर्षी माघात श्राद्ध करायचे. गुरुजी येऊन सगळं उरकेपर्यंत पोटात काही नाही, आणि त्यांना तर मधुमेह. एका माघात त्यांनी सकाळी नेहमीसारखं इन्सुलिन घेतलं, आणि गुरुजी दुसऱ्या घरी अडकले. भाऊ त्यांना आणायला गेला. दुपार टळली. बाबांना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले. मी साखरेचं पाणी घेऊन उभी राहिले. त्यांनी हात आडवा केला.

"थांब वं. मायचा एवढा एकच दिवस हाय मले. तूच तर शोधून देल्ला."

एक वाक्य पुरलं असतं. बाबा, हा दिवस मी बनवलाय, प्या हे. ओठांवर आलं होतं — पण वहिनी दारात उभी होती. तिच्यासमोर कसं सांगू? — हो, हाच विचार केला मी, त्या वेळी. आणि पेला खाली ठेवला.

रामदासपेठेतल्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांची शुद्ध गेली होती. अंधार पडायच्या आत ते गेले.

आता माघ वद्य पंचमीला भाऊ दोघांचं श्राद्ध करतो. आईच्याच तिथीला गेले, केवढं भाग्य, असं येणारे-जाणारे म्हणतात. मी मान हलवते आणि पानं वाढायला घेते.