अक्साच्या वाळूतले नऊ दिवस

विजूमावशी वारली, घरातच. खुर्चीत बसल्या बसल्या. तिला हे अजिबात पटलं नसतं.

आज वर्ष झालं.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी: माझ्या आईची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. अंधेरीला एमआयडीसीतल्या एका कंपनीत तीस वर्षं सर्किट बोर्डांवर सोल्डरिंग केलं. कंपनी बंद पडली आणि ती आमच्याकडे राहायला आली.

दोन महिन्यांत आमची वाट लागली.

बसायचीच नाही. चांगला चालणारा मिक्सर खोलून ठेवायची. पंखा आवाज करतो म्हणून उतरवायची.

आई म्हणायची, "विजू, बस गं जरा."

"माका बसूक जमणा नाय." चिडली की मालवणीवर यायची.

मग तिने कुठूनतरी एक बिघडलेला मेटल डिटेक्टर आणला. आमच्या डायनिंग टेबलावर दुरुस्त केला. आणि आठवड्यातून चार दिवस, ओहोटीची वेळ बघून, अक्सा बीचवर जायला लागली.

कानाला हेडफोन, कमरेला खुरपं, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. वय एकसष्ट. लोकांना वाटायचं सरकारी बाई आहे, काहीतरी तपासतेय.

सापडायची बहुतेक झाकणं. बियरची. रुपयाची नाणी मिळाली तर तिथेच परत टाकायची. समुद्राला कोणीतरी वाहिलेली असतात म्हणे. अंगठी, पैंजण असलं काही मिळालं की लाइफगार्डकडे निरोप ठेवून यायची. कोणी ना कोणी विचारत यायचंच.

मला लाज वाटायची. खरं सांगते. ऑफिसातल्या कोणी पाहिलं तर काय, हेच डोक्यात.

मग मनालीचं झालं.

मनाली म्हणजे मावशीच्या कंपनीतल्या मैत्रिणीची मुलगी. घाटकोपरची. लग्नाला सात महिने. सासरच्यांबरोबर अक्साला गेली, गुडघाभर पाण्यात उभी होती, लाट आली, पडली. उठली तेव्हा गळ्यात मंगळसूत्र नव्हतं.

सासू म्हणाली, हरवलं नाही, माहेरी दिलंय.

नवरा काही बोलला नाही.

चौथ्या दिवशी तिला घाटकोपरला आणून सोडलं. मिळालं तर ये, म्हणाले.

मनालीच्या आईने मावशीला फोन केला. मावशी फोन ठेवून सरळ चपला घालायला गेली.

नऊ दिवस. रोज ओहोटी. लाइफगार्डच्या टॉवरसमोर दोरी बांधून तिने वाळूचे पट्टे आखले आणि एकेक पट्टा चालली. पाचव्या दिवशी ताप आला. क्रोसिन घेऊन गेली.

नवव्या दिवशी मी सुट्टी टाकली. ती पडली तर उचलायला कोणीतरी हवं म्हणून.

"सगळीकडे कशाला खणतेस?" मी वैतागून म्हटलं. "आवाजावरून कळत नाही?"

"कॅनची कडी आणि सोनं, या मशीनला दोन्ही सारखंच वाटतं. खणल्याशिवाय कळत नाही."

अकराच्या सुमाराला ती वाकली. वीतभर खाली दोन वाट्या आणि काळ्या मण्यांचा तुटका सर.

मावशी ओल्या वाळूत बसली. मी तिला तशी बसलेली पहिल्यांदाच पाहत होते.

तसेच घाटकोपरला गेलो. मनालीची आई रडायलाच लागली. देवापुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, मग मुलीच्या हातात दिलं.

"मिळालं गं बाई. आता कर फोन त्यांना."

मनालीने वाट्या रुमालात गुंडाळल्या आणि आईच्या हातात परत ठेवल्या.

"त्यांना पाठवून दे. मी नाही जाणार."

"अगं पण आता मिळालंय ना?"

"म्हणूनच. आता मी खोटी नाही हे त्यांना कळेल. पण मी जाणार नाही."

तिची आई मावशीकडे वळली. "विजू, तू तरी समजाव हिला. एवढी मेहनत केलीस तू."

मावशीने चहा संपवला. "मी वस्तू शोधून देते गो. माझं काम झालं." आणि उठली.

परत येताना मेट्रोत सीट रिकामी होती. ती दाराशी उभी राहिली. एवढा ताप अंगावर काढला आणि काय झालं, असं माझ्या मनात चाललेलं.

साकीनाक्याला म्हणाली, "बरं झालं मला उशीर लागला. तिला नऊ दिवस विचार करायला मिळाले."

पुढच्या वर्षी मावशीची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टर म्हणाले, वाळूत एकटीने चालायचं नाही.

मी मशीन मैत्रिणीकडे नेऊन ठेवलं. मावशीला सांगितलं, विकलं.

ती भांडली नाही. त्यानेच मला जास्त भीती वाटायला हवी होती.

दीड महिना ती गॅलरीत फिरत होती. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. आई म्हणायची बस, आणि शेवटी ती बसायला लागली. मला वाटलं, सुधारतेय.

एका दुपारी आईने चहाला हाक मारली. ती उठली नाही.

गेल्या आठवड्यात मनालीचा फोन आला. आता मुलुंडला नोकरी करते, वेगळी राहते. म्हणाली, "ताई, त्या दिवशी प्रत्येकाने मला विचारलं, का नाही जाणार. मावशींनी एकट्यांनी नाही विचारलं."

मी तिला मशीनचं सांगितलं. आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

ती म्हणाली, "तुम्हाला मावशी हव्या होत्या, म्हणून केलंत."

मला ते पुरत नाही. तेव्हापासून झोपेतसुद्धा पाय हलत असतात माझे. आज रजा घेतली आहे आणि सकाळपासून ह्या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरतेय. आई मला बस म्हणत नाही. बघत राहते.

मावशी, मी खोटं बोलले. तुला जपायला म्हणून, पण खोटंच.

जिथे आहेस तिथे तुला कोणी बस म्हणू नये, एवढंच.

तुझ्या पिंकीचा नमस्कार.