ठिपक्यांचा मका

जामसरच्या आमच्या घरात परसातल्या मक्याचं बियाणं सांभाळणं हा मोठा मान होता. गडद तांबड्या दाण्यांची निवडक कणसं घ्यायची, त्यांची पानं मागे वळवून एकमेकांत गुंफायची आणि जुडगा चुलीवरच्या वाशाला टांगायचा. धुरामुळे कीड लागत नसे. त्या जुडग्याला घरातल्या एकाच बाईनं हात लावायचा, असा रिवाज. वर्षानुवर्षं ती बाई म्हणजे आई. भावाचं लग्न झालं आणि आईनं तो जुडगा मोखाड्याकडून आलेल्या वहिनीच्या हाती दिला. वहिनीचा चेहरा असा फुलला होता की बस्स! नव्या घरात आपलं म्हणावं असं तिला मिळालेलं ते पहिलं काम होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी एम.एस्सी.ला मुंबईत होते. गणपतीच्या सुट्टीत घरी आले, तर घरात अबोला. वहिनीनं पेरलेल्या मक्याची कणसं सोलली तेव्हा दोन कणसांत भलतेच दाणे निघाले होते, फिकट पिवळे आणि वर तांबडे ठिपके. सुनेनं माहेरचा मका मिसळला, असं आईनं मनाशी पक्कं केलं. तोंडानं एक शब्द काढला नाही, पण पुढच्या वर्षीची कणसं निवडायला स्वतःच बसली. वहिनी चुलीपाशी नागलीची भाकरी थापत होती, जरा जास्तच जोरात.

मी त्यातलं एक कणीस उचललं आणि आनंदानं उडीच मारली. पुस्तकात ज्याचा फोटो पाहिला होता, ते आमच्याच सुपात पडलं होतं!

"आई, मिसळ नसेल गं ही. डीएनएमधले काही तुकडे आपली जागा सोडतात नि दुसरीकडे जाऊन बसतात. असा तुकडा नेमका रंगाच्या जनुकात बसला की रंग बनायचा थांबतो. दाणा फिकट."

"मंग ठिपके कुठून आले?"

मला शेजारचे काका आठवले. रोज सकाळी येऊन स्वयंपाकघराच्या दारातच बसायचे. आत जायची सोय नाही, चूल थंड.

"काका दारात बसले की रांधायचं अडतं ना? तसा तो तुकडा. दाणा वाढत असताना काही पेशींतून तो उठून जातो. तिथं रंग पुन्हा सुरू. लवकर उठला तर ठिपका मोठा, कारण त्या पेशीपासून पुढे पुष्कळ पेशी होतात. उशिरा उठला तर बारीकसा."

आईनं कणीस उजेडात धरलं. एका दाण्यावर बोट ठेवून म्हणाली, "हा बघ, लवकर उठला." मग दुसऱ्यावर. "हा मेला जेवूनच गेला!"

वहिनीला हसू आवरेना. आईही खुदकन हसली. मग एकदम थांबली आणि वहिनीकडे वळून विचारलं, "म्हंजे तू माहेरचा मका आनला नव्हतास?"

"नाय."

"मंग तवाच सांगायचास ना!"

वहिनीनं भाकरी तव्यावर टाकली. "मला कोनी इचारला?"

माझं सगळं शास्त्र तिथं बाजूला राहिलं. आई उठली, निवडलेली सगळी कणसं वहिनीपुढे आणून ठेवली आणि म्हणाली, "हात धू. बांध."

वहिनीनं हात धुतले, पदराला पुसले आणि एकेक कणीस फिरवून पाहायला लागली. आईनं निवडलेल्यांतली चार तिनं बाजूला काढली.

"ही नको. टोकाला दाना भरला नाय."

आईनं ती चार कणसं उचलली आणि भाजायला निखाऱ्यांवर ठेवली.