अर्धं लिंबू आणि बनुमावशीचं कुंकू

बनुमावशी आमची कुणीच लागत नव्हती. पण जिच्याशी तिचं भांडण झालं नाही अशी बाई आमच्या आळीत नव्हती, म्हणून ती सगळ्यांची मावशी. नेवाशाजवळच्या आमच्या गावात ती कुंकू करायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, वावराचा तुकडा दिरांनी कसायला घेतला तो घेतलाच. मग हिनं हळकुंडं आणली, जातं मांडलं आणि नेवाशाच्या बाजारात पाटी घेऊन बसायला लागली. विधवेनं कुंकू विकावं याचं लोकांनाच अवघड वाटायचं. तिला कुणी टोकलं तर म्हणायची, "हलवाई सोता जिलब्या खात बसतो व्हय?"

कृती साधी होती. हळद दळायची आणि तिला चुन्याची निवळी थोडीथोडी पाजायची. पिवळीधमक हळद बघता बघता लाल व्हायची. मग सावलीत वाळवून वस्त्रगाळ करायचं. नवा माल झाला की मावशी डाव्या मनगटावर एक ठिपका लावून उजेडात न्याहाळायची. कपाळाला लावायची सोय नव्हती, पण मनगटावर कुणाची सत्ता चालते? "कपाळ लोकांचं हाय," ती म्हणायची, "मनगट माजं हाय."

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वैशाखात माझं लग्न ठरलं. स्थळ देवळाली प्रवरेचं, ऊसवाल्यांचं. नवरदेवाचं नाव गोरक्ष आणि होणाऱ्या सासूचं दगडाबाई. आमच्या सासूबाईंचं नाव नुसतं ठेवलेलं नव्हतं, त्यांनी ते वागून दाखवलेलं होतं. बोलणी करायला आल्या तेव्हा आमच्या विहिरीच्या पाण्यालासुद्धा त्यांनी नावं ठेवली.

लग्नाच्या दिवशी ऊन असं की मांडवात बसूनही डोकं तापावं. मी उपाशी, अंगावर पिवळं पातळ आणि कपाळभर कुंकवाचा मळवट. कुंकू अर्थातच बनुमावशीचं. अक्षतांना थोडा अवकाश होता, तेवढ्यात माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. सासूबाई धावल्या. अर्धं लिंबू माझ्या नाकाशी धरलं, थोडं तोंडात पिळलं आणि त्याच हातानं माझं घामेजलेलं कपाळ पुसलं. मायेनंच पुसलं, उगाच खोटं कशाला बोलू? हात बाजूला झाला आणि त्या किंचाळल्या.

"आगं बया! कुकू पिवळं पडलं!"

वाजंत्री थांबली. माझ्या आईनं, भागूबाईनं, हातातलं तबक खाली ठेवलं. मागून कुणीतरी म्हणालं, "पांढऱ्या कपाळाच्या बाईचं कुकू. दुसरं काय व्हनार?"

सासूबाईंनी ते शब्द उचलले. "असं कुकू? अन् ते माज्या सुनंला? ह्या बाईचं कुकू ह्याच्या म्होरं कुन्या घरात येता कामा नये. मी बाजाराबाजारात सांगनार हाय!"

त्या सांगणाऱ्यांपैकी होत्या. माझं लग्न मोडलं असतं तर बापानं दुसरं स्थळ शोधलं असतं. पण कुंकवाच्या बाबतीत असा बोभाटा झाल्यावर बनुमावशीच्या पाटीपुढं कोण उभं राहणार? तिला दुसरा धंदा नव्हता, दुसरं माणूसही नव्हतं. मला भोवळ यायची विसरली आणि राग आला. पण नवरीनं बोलायचं नसतं, म्हणून दात आवळून बसले.

मावशी मांडवाबाहेर पाण्याच्या रांजणापाशी उभी होती. शुभकार्यात तिच्यासारखींची जागा तीच. ती तिथून निघाली ती माणसं बाजूला सारत थेट माझ्यापुढं आली, वाकली आणि माझं कपाळ चक्क हुंगलं.

"लिंबू!" ती ओरडली. "कुनी चोळलं लिंबू?"

"मी पुसलं," सासूबाई म्हणाल्या. "मग?"

"मग पिवळं पडनार न्हाई तर काय हिरवं व्हईल? हळदीचं कुकू हाय माजं. आंबट लागलं का त्याची परत हळद दिसती. ह्याला अपशकून म्हनू नका, लिंबू म्हना!"

एवढ्यावर कोण ऐकतंय? मग मावशीनं परात मागवली. कमरेच्या बटव्यातून कुंकू काढून त्याच्या चिमटी परातीत मांडल्या, शेजारी सकाळची उरलेली उष्टी हळद मांडली आणि स्वयंपाकाच्या चुलाण्याकडं हाक दिली. आचाऱ्यानं चिंचेचा कोळ दिला, आंबट ताक दिलं. कुंकवावर कोळ पडला, पिवळं. ताक पडलं, पिवळं. मग तिनं हळदीकडं मोर्चा वळवला. धुण्याचा सोडा टाकला, लाल. साबण घासला, लाल. राखेचं पाणी घातलं, तेही लाल. तोवर वऱ्हाड लग्न विसरून परातीभोवती जमलं होतं. कुणी म्हणे कैरी लावून बघा, कुणी म्हणे गूळ लावा. गुळानं काहीच झालं नाही तर लोक गुळावरच रागावले. माझ्या चुलतसासऱ्यांनी तंबाखूची चंची सोडून बोटभर चुना दिला आणि हळद लालभडक झाल्यावर असे खूश झाले, जणू शोध त्यांनीच लावला. बाशिंग सांभाळत नवरदेवही टाचा उंचावून बघत होते. मी तेव्हाच ठरवलं, माणूस बरा आहे.

पण सासूबाई इतक्यात हरणाऱ्या नव्हत्या. त्यांनी पिशवीतून एक चकचकीत डबी काढली. "हे बघ आमचं. शहरातल्या दुकानातलं. पिळा लिंबू!"

लिंबू पिळलं. कुंकू ढिम्म. कोळ घातला, चुना घातला, तरी रंग जसाच्या तसा. वऱ्हाडात कुजबूज झाली. सासूबाईंनी सगळीकडं मान फिरवून बघितलं.

"त्यात हळदच न्हाई तर बदलंल काय?" मावशी म्हणाली. "नुसता रंग हाय त्यो. न्हाई बदलत, पर खाजवतो. सकाळपास्नं बगते मी, तुमचा हात सारखा कपाळाकडं जातोय. रातच्याला आग व्हती ना?"

सासूबाईंचा हात खरंच कपाळाकडं निघाला होता. तो त्यांनी मध्येच थांबवला आणि पदर सारखा केला.

"व्हती," त्या हळूच म्हणाल्या.

मावशीनं चंचीतला उरलेला चुना वाटीभर पाण्यात कालवून पातळ निवळी केली. मागून लगेच आवाज आला, "तिला नवरीला हात लावू देऊ नका!"

"मी कशाला लावू?" मावशीनं वाटी सासूबाईंच्या हातात दिली. "ज्यांनी पुसलं त्यांनीच भरावं."

सासूबाईंनी बोट बुडवलं आणि माझ्या कपाळाला टेकवलं. मला काही दिसत नव्हतं, फक्त त्यांचं तोंड दिसत होतं. डोळे मोठे झाले, मग तोंड उघडं पडलं. "आगं बया," त्या म्हणाल्या, पण या वेळी निराळ्या सुरात. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी बोट फिरवलं, मग उगाच परत एकदा फिरवलं. भटजी मुहूर्त मुहूर्त म्हणून ओरडायला लागले तेव्हा कुठं थांबल्या.

बोभाटा झालाच, पण उलटा. सासूबाई जिथं जातील तिथं ही गोष्ट सांगायच्या, त्यातलं स्वतःचं लिंबू तेवढं गाळून. नेवाशाच्या बाजारात बायका घरून लिंबू घेऊन यायच्या आणि मावशीच्या पाटीवर पिळून बघायच्या. "माल बगा, सरबत करू नका," ती खेकसायची. वर्षातून एकदा ती एसटीनं आमच्याकडं देवळालीला यायची. सासूबाई दरवेळी लिंबू कापून बसायच्या, दरवेळी काहीतरी खोड काढायच्या आणि मग वर्षाचं कुंकू घ्यायच्या. त्यांच्या कपाळावरची खाज कधीच गेली होती.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मामंजी गेले. त्या खेपेला मावशी आली तेव्हा सासूबाई माजघरातून बाहेर आल्याच नाहीत. मीही लिंबू कापलं नाही. मावशी ओटीवर थोडा वेळ बसली, मग उठून सरळ आत गेली. सासूबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या.

"माल कोन तपासनार?" मावशीनं विचारलं.

"आता मला काय करायचंय कुकवाशी?"

मावशीनं बटवा सोडला. सासूबाईंचा डावा हात ओढून घेतला आणि मनगटावर एक ठिपका लावला. "तपासायला कपाळ लागत न्हाई," ती म्हणाली. स्वतःच्या मनगटावरही तसाच एक लावला आणि दोन्ही हात खिडकीच्या उजेडात धरले.

सासूबाईंनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. मग नाक मुरडून म्हणाल्या, "फिकं हाय. चुना कमी पडला तुजा."

"कमी? डोळं तपासा आदी!"

"पुष्पे, लिंबू आन गं!"

मामंजी गेल्यावर तीन महिन्यांनी आमच्या घरात पहिल्यांदा भांडण ऐकू येत होतं. मला रडू आवरेना, आणि मी रडत रडतच लिंबू कापलं.