बंडीवाले मास्तर

बंडीवाले मास्तर गिऱ्हाइकाला उभं करून माप घेत नसत. आधी त्याला चालायला लावत. दुकानातून निघायचं, खाडीच्या कडेनं होड्यांच्या धक्क्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, तेही भर दुपारी. घामाघूम झालेला, खांदे पडलेला गोरा साहेब दुकानात शिरला की मास्तर गळ्यातली टेप काढत आणि आम्हाला मराठीत म्हणत, "आता खरा माणूस आला. मघाशी आला होता तो फोटोला उभा होता." शिकारी दिवसभर डोंगर तुडवतो, तेव्हा बंडी थकलेल्या अंगाला बसली पाहिजे, ताज्या अंगाला नाही, असं त्यांचं म्हणणं.

ही साठीच्या दशकातली गोष्ट. अमिरात हे नाव तेव्हा जन्माला आलेलं नव्हतं. दुबई म्हणजे खाडी, तिच्या दोन्ही काठांवरची घरं आणि त्यांच्यामागे वाळू. मी श्रीवर्धनचा, एका इंग्रजी बांधकाम कंपनीत क्लार्क. मास्तर दाभोळचे. इस्माईल हे त्यांचं नाव फारसं कुणाच्या तोंडी नव्हतं, आणि तेही कुणाला नावानं हाक मारत नसत. गावानं मारत. मी 'श्रीवर्धन', समोरचा चहावाला 'बाणकोट'. ऑफिस सुटलं की मी त्यांच्या दुकानात जाऊन बसे, कारण तिथं दोन घटका मराठी कानावर पडे.

अरबांचे पायघोळ कंदुरे, पायजमे सगळेच शिंपी शिवत. मास्तरांचं नाव झालं ते शिकारीच्या बंड्यांमुळे. पाखरांच्या शिकारीला जाणारे साहेब आधी विलायतेहून बंड्या मागवत. वाळूनं त्यांच्या चेन अडकत, काटेरी झुडपांत कापड फाटे. मास्तर गलबतांची जुनी शिडं विकत घेत. "ह्या कापडानं वारा खाल्लाय, मीठ खाल्लंय, ऊन खाल्लंय. आता ह्याला आणखी काय व्हायचंय?" असं म्हणत ते शीड तीन वेळा धूत. कापड हाताला मऊ लागे आणि काट्यानं ओरखडाही उठत नसे. चेनच्या जागी मोठी लाकडी बटणं. उजव्या खांद्यावर शिवण अजिबात नाही, कारण तिथं बंदुकीचा दस्ता टेकतो. पाठीमागे पाखरं ठेवायला मोठा खिसा, त्याला मेणकापडाचं अस्तर, म्हणजे रक्त पुसून काढता येतं.

बंडी तयार झाली की खिशांत काडतुसांच्या वजनाचे खडे भरून ते गिऱ्हाइकाला पुन्हा चालायला लावत. हात वर करा, वाका, बसा, नेम धरा. मुंढा काखेत जरासा काचला तरी बंडी परत मशीनवर जाई. दोन्ही कुशींना नाड्या असत, त्या सैल-घट्ट केल्या की तीच बंडी जाड्याला होई आणि बारक्यालाही. शेवटी एकच प्रश्न विचारत, "काही घातलंय असं वाटतंय का?" गिऱ्हाईक 'नाही' म्हणालं तरच बंडी द्यायची.

आणि प्रत्येक बंडीला लाल पट्टी. चार बोटं रुंद, पाठीवर आडवी, आणि डाव्या खांद्यावरून पुढे छातीपर्यंत आलेली. कापडाच्या मातकट रंगावर ती दुरूनही उठून दिसे. का म्हणून विचारलं तर मास्तर म्हणत, "ती माझी सही आहे." बहुतेक साहेब हसून सोडून देत.

आमच्या कंपनीच्या मोठ्या साहेबांनी सोडलं नाही. मास्तरांच्या बंडीची तारीफ मीच त्यांच्याकडे केली होती. त्यांचा एक पाहुणा विलायतेहून यायचा होता आणि त्याच्याबरोबर त्यांना धैद गावाच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला तितरं मारायला जायचं होतं. तयार बंडी मी ऑफिसात नेली. ती अंगात घालून ते खूश झाले, पण पट्टी पाहून म्हणाले, "हे काढून आण. पाखरं बिचकतील." त्याच टेबलावर माझ्या बायकोचा कागद पडला होता. त्यावर कंपनीची सही झाली तरच जुबेदाला इकडं येता येणार होतं. साहेबांनी बंडी माझ्या हातात दिली आणि कागदाकडे बोट दाखवून म्हणाले, "तेही बघू मग."

बंडी घेऊन मी तडक दुकानात गेलो.

"मास्तर, साहेबांना पट्टी नको आहे. तितरं बिचकतात म्हणतात."

"तितर पावलाच्या आवाजाला बिचकतं. पट्टी राहू दे."

"सांगून पाहिलं. ऐकत नाहीत."

"मग दुसऱ्या कुणाकडून शिवून घेऊ दे. खलास."

मी तिथंच उभा राहिलो. मास्तरांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं, चष्मा काढला आणि मी कधी विचारलं नव्हतं ते सांगितलं.

"माझा धाकटा भाऊ होता, इब्राहिम. आमच्याकडे खोतांचे पाहुणे शिकारीला यायचे. हा त्यांच्याबरोबर डोंगरात रान उठवायला जायचा. एका ईदला मी त्याला बंडी शिवली. सुक्या गवताच्या रंगाचं कापड मुद्दाम शोधून आणलं होतं. घालून गावभर मिरवला." चष्मा सदऱ्याला पुसत ते म्हणाले, "माझं काम इतकं चांगलं झालं होतं, श्रीवर्धन, की तो गवतात दिसलाच नाही."

समोर बाणकोटवाला कप विसळत होता. हे ऐकल्यावर माणसानं बंडी खाली ठेवून निघून जावं. मी जे बोललो ते आज दुबईतल्याच अल नहदा वस्तीत, अकराव्या मजल्यावर, नातवंडांच्या इंग्रजी गलक्यातही मला ऐकू येतं. मी म्हणालो, "ते खरं, मास्तर. पण जुबेदाच्या कागदावर सही राहिली आहे."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"किती वर्षं झाली तिला बघून?"

"चार."

त्यांनी चष्मा लावला, ब्लेड घेतलं आणि पट्टी उसवायला बसले. दुहेरी शिवण होती, वेळ लागला. एकही टाका त्यांनी ओढून तोडला नाही. मी बाकावर बसून होतो. पुरे झालं, राहू द्या, असं म्हणायला मला पाऊण तास मिळाला होता.

पुढच्या शुक्रवारी आम्ही चौघं निघालो. साहेब, त्यांचा पाहुणा, जीप चालवणारा बलुची मुराद आणि अरबी बोलायला मी. डोंगराच्या पायथ्याला कमरेएवढं सुकं गवत होतं, मधूनमधून बाभळीसारखी काटेरी झाडं. दिवस थंडीचे, पण नऊ वाजेपर्यंत ऊन तापलं. साहेबांनी बंडी काढून मुरादकडे दिली. हातात धरण्यापेक्षा अंगात घालणं सोपं, म्हणून मुरादनं ती घातली, कुशीच्या नाड्या ओढल्या आणि हसून मला म्हणाला, "क्लार्कसाब, मालूम ही नहीं होता कि कुछ पहना है."

पडलेलं तितर आणायला तो गवतात शिरला. मला तो दिसत होता, मग दिसेनासा झाला. तेवढ्यात दुसरं एक तितर गवतालगत खालून उडालं आणि पाहुण्यानं बार काढला.

छर्रे मुरादच्या चेहऱ्यावर आणि मानेत बसले होते. साहेबांनी स्वतः जीप हाकली. मी मागे मुरादचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. वाळूतून दुबईला पोचायला तीन तास लागले. माझ्या सदऱ्याची बाही त्यानं मुठीत धरली होती, ती हॉस्पिटलच्या दारापर्यंत सोडली नाही. जीव वाचला. उजवा डोळा गेला.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो तर मास्तरांना बातमी कळलेली होती. त्यांनी एवढंच विचारलं, "त्याच्या अंगात काय होतं?"

मी सांगितलं. त्यांनी मशीनवरचं कापड बाजूला सारलं. मग म्हणाले, "शिवण मी उसवली. हात माझे होते. तू ही गोष्ट कुणाजवळ काढायची नाही. तुझी माणसं यायची आहेत."

मी मान डोलावली. फार चटकन डोलावली.

पाहुणा त्याच आठवड्यात विलायतेला परतला. साहेबांनी मुरादला कंपनीच्या आवाराच्या फाटकावर पहारेकरी म्हणून ठेवलं, आणि माझ्या कागदावर सहीही केली. जुबेदा आगबोटीनं आली. आवारालगत आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. मास्तर तिला 'पोरी' म्हणत. खिडक्यांचे पडदे त्यांनी शिवून दिले, वर स्वतः येऊन लावले. ईदला मुराद जेवायला आला तेव्हा माझ्याकडे बोट करून जुबेदाला म्हणाला, "भाभी, इन्होंने तीन घंटे मेरा सर गोद में रखा था. सगा भाई नहीं रखता." जुबेदानं अभिमानानं माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याच्या ताटात आणखी मटणाची सागुती वाढली.

मास्तरांनी शिकारीच्या बंड्या शिवणं सोडून दिलं. साहेब लोक येत, विनवत. ते म्हणत, "हात कापतो आता." हात कापत नव्हता, शाळेच्या पोरांचे गणवेश ते सरळ रेषेत शिवत होते. फक्त शुक्रवारी, नमाज झाली की, ते आमच्या आवाराकडे येत. मला क्वार्टरच्या खिडकीतून दिसत. फाटकापाशी जरा वेळ उभे राहत आणि आले तसे परत जात. माझ्या दारावरून जात, पण आत येत नसत. मुरादची खुशाली विचारायला येत असतील, अशी मी समजूत करून घेतली. इतक्या लवकर परत का फिरतात, हे मी कधी विचारलं नाही.

दोन वर्षांनी त्यांची नजर अधू झाली. सुईत दोरा ओवता येईना. दुकान आवरून ते गावी निघाले. आगबोट खोल पाण्यात उभी होती आणि तिच्याकडे जाणाऱ्या लाँचपर्यंत मी त्यांची ट्रंक उचलून नेली. कितीतरी दिवस मनात जुळवलेलं बोलायला मी तोंड उघडलं, तशी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मुरादकडे लक्ष ठेव," म्हणाले आणि लाँचमध्ये उतरले. वळून त्यांनी पाहिलं नाही. डोळे अधू होते, पाहिलं असतं तरी मी दिसलो नसतो.

आठ महिन्यांनी दाभोळहून त्यांच्या पुतण्याचं पत्र आलं. मास्तर गेले. पत्र वाचून मी ओट्यावर बसून राहिलो, आणि जुबेदानं विचारलं तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिचा कागद, लाल पट्टी, इब्राहिम, सगळं.

ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "मुरादला ठाऊक आहे?"

"नाही."

"मग मला सांगून काय होणार?"

मी तसाच उठलो आणि फाटकाकडे गेलो. दुपारची वेळ, मुराद सावलीत खुर्ची टाकून बसला होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं. तो डावा डोळा माझ्याकडे यावा म्हणून मान वळवून ऐकत होता.

"मास्टरने तो कहा था, पट्टी उसने निकाली," तो म्हणाला. "अपनी मर्ज़ी से."

"मेरा नाम नहीं लिया था?"

"नहीं."

मग त्यानं जे सांगितलं त्याचा मला स्वप्नातही अंदाज नव्हता. पहिल्याच आठवड्यात मास्तर हॉस्पिटलात त्याच्या खाटेपाशी गेले होते आणि चूक आपली आहे असं कबूल करून आले होते. तेव्हापासून दर शुक्रवारी येऊन ते त्याला सलाम करत. मुरादनं एकदाही तो घेतला नव्हता. मास्तर आले की हा तोंड फिरवून बसे.

"गोली चलानेवाला तो विलायत चला गया," मुराद म्हणाला. "गुस्सा करने को मेरे पास वो एक ही बूढ़ा था. जाने के दिन भी आया था. मैं उठके अंदर चला गया."

मी मास्तर गेल्याचं पत्र त्याच्यापुढे धरलं. त्याला वाचता येत नव्हतं, तरी त्यानं ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि मला परत दिलं. मग खुर्ची उचलून भिंतीच्या पलीकडे नेली आणि माझ्याकडे पाठ करून बसला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना मी फाटकाशी थांबून त्याला सलाम केला. तो रस्त्याकडे पाहत राहिला. तिसऱ्या दिवशीही तेच. नंतर तो ईदला आमच्याकडे कधी आला नाही. जुबेदा त्याच्यासाठी डबा पाठवी, तो मात्र घेई आणि घासून परत करी. आणखी सहा वर्षं मी त्या फाटकातून आत-बाहेर करत होतो. रोज सलाम करून मी क्षणभर थांबे, आज तरी उत्तर येईल म्हणून. तेव्हा कळलं, खिडकीतून मला जे 'जरा वेळ' वाटायचं, ते फाटकापाशी उभ्या असलेल्या माणसाला किती लांबतं.