बाबांच्या नळीतला हिरवा थर

‘सुंदर’ हा शब्द मला प्रयोगशाळेत ऐकवत नाही. काळ्या पडद्यावर हिरवे-लाल ठिपके चमकले की लोक म्हणतात, वा, काय सुंदर! अरे, जंतू आहेत ते. कोणाच्या तरी अंगातले.

माझ्या संशोधनाचा विषयच तो. जंतू जागा मिळाली की बुळबुळीत थर करतात आणि त्यात दडून बसतात. त्या थराला चमकणारे रंग द्यायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पापुद्रा पाहायचा. जिवंत जंतू हिरवे दिसतात, मेलेले लाल.

तिकडे गावी, अड्याळला, बाबा लकव्यानं अंथरुणाला खिळलेले. लघवीला नळी लावलेली. सारखी थंडी वाजून ताप यायचा. गावातले डॉक्टर दर वेळी नवी गोळी देत, नळीकडे ढुंकून पाहत नसत. आई म्हणे, “नळी तं साफ दिसते, कायले बदलाची?” तिच्यावर काय रागावणार? पिशवी रोज धुऊन धुऊन तिच्या हातांची सालं निघाली होती. शेवटी मीच भांडून नर्सबाईंना बोलावलं, नळी बदलून घेतली आणि जुनी बर्फाच्या थर्मासात घालून एसटीनं नागपूरला आणली.

तिची चकती कापून रंग दिला. वरचा पापुद्रा लालभडक. गोळ्यांनी तेवढेच मेले होते. खाली, नळीच्या भिंतीला धरून, सगळं हिरवंगार. गोळ्या तिथवर पोचल्याच नव्हत्या. त्या डॉक्टरांना बखोट धरून इथं आणावं आणि हे दाखवावं, असं वाटलं.

माझे मार्गदर्शक सर मागे येऊन उभे राहिले. वा, म्हणाले, सुंदर! मग म्हणाले, “थर अजून पातळ आहे. पुढची नळी जरा जास्त दिवस राहू दे. पेपरला जाड थर लागेल. वडिलांचीच आहे ना? मग परवानगीची कटकट नाही.”

त्यांच्या तोंडावर थर्मास फेकायला हवा होता. मी मान डोलावली.

नवी नळी लावून महिना झाल्यावर आईचा फोन आला, “नर्सबाईले बलावू का?” मी म्हणाले, आठ-दहा दिवस थांब, ती नळी मला कामाला हवी आहे. हे मी सांगत होते, जिनं ते हिरवं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं! डॉक्टरांना शिव्या घालायचं तोंड मला उरलं नाही.

नवव्या दिवशी बाबा तापात बरळायला लागले. मी नागपूरहून धावत आले, त्यांना भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आईला फटकारलं, नळी इतके दिवस का ठेवली? आई माझ्याकडे न बघता म्हणाली, “पोरगी शिकलेली आहे. तिनंच सांगतलं.”

चार दिवसांनी ताप उतरला. मी पलंगाशी बसले होते. सरांचा दोनदा फोन येऊन गेला, मी उचलला नाही. बाबांनी डोळे उघडले.

“बाई, ते नळी कुठं आहे?”

“फेकली, बाबा.”

“फेकली?” त्यांचा चेहरा पडला. “काहून फेकली? थंडी तं मले सहाव्या दिवसापासूनच वाजून राहिली होती. तुह्या आईले बोललो नाही. म्हनलं, पोरीचे दहा दिवस होऊ दे.”