तिन्ही सिमं एकाच टॉवरवर

दिवाळीनंतर भाऊ-भावजय ऊसतोडीला गेले की पाथर्डीकडच्या आमच्या वस्तीवर आई आणि शेजारची चुलती, दोघीच उरतात. मी नगरला शाळेत शिकवते. आईचं आणि माझं ठरलेलं असं, की रोज सकाळी सातला तिनं मला एक मिस्ड कॉल द्यायचा. एक रिंग वाजली की समजायचं, आई उठली, बरी आहे. मी उचलायचा नाही. चुकून उचललाच तर ती रागावते, सकाळच्या कामात बोलत बसायला तिला आवडत नाही.

तिला रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा मी मोठं डोकं चालवलं. तिच्या फोनमध्ये दोन कंपन्यांची सिमं घातली आणि चुलतीला तिसऱ्या कंपनीचं आणून दिलं. एक बंद पडलं तर दुसरं, दुसरं पडलं तर तिसरं. स्टाफरूममध्ये या बंदोबस्ताची फुशारकीही मारून झाली.

मागच्या माघात एका सकाळी सात वाजले, साडेसात वाजले, फोन गप्प. मी तिचा पहिला नंबर लावला, मग दुसरा, मग चुलतीचा. तिन्ही संपर्क क्षेत्राच्या बाहेर. कंपनीला फोन केला. तिथली मुलगी गोडीत म्हणाली, टॉवर आमचा नाही, दुसऱ्यांचा आहे, आम्ही त्यावर फक्त आमची यंत्रं लावलीत. दुसऱ्या कंपनीनंही तेच सांगितलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वस्तीमागच्या माळावरच्या त्या एकाच टॉवरवर तिन्ही कंपन्या नांदत होत्या. त्याची वीज गेली की तिन्ही एकदम मुक्या. मी दोऱ्या तीन बांधल्या होत्या, पण एकाच खुंटीला. आणि मी म्हणे मुलांना विचार करायला शिकवते. स्वतःचाच इतका राग आला की रडू फुटलं.

रजा टाकून पाथर्डीची एसटी धरली, पुढं जीप. वाटभर तेच तीन नंबर लावत राहिले, दुसरं करण्यासारखं हातात होतं काय? घराला कडी होती. चुलती म्हणाली, "तुला फोन लागंना म्हनून टेकडीवर गेली. म्हनली, लेक घाबरंल."

आईचे गुडघे असे, की अंगणातली पायरीसुद्धा ती भिंत धरून उतरते. निम्म्या चढावर ती एका दगडाला टेकून बसलेली सापडली. पाय मुरगळून सुजला होता, हातातला फोन मात्र अजून वर धरलेला. मला बघून ती आधी ओशाळली. मग तिनं विचारलं, "वाजला का गं तुझा? मी लई येळा लावला."

"वाजला," मी म्हणाले. "एकदा वाजला."

तिचा चेहरा खुलला. तो बघून मलाही बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

पाय महिन्याभरात बरा झाला. टॉवर अजूनही मधूनमधून बंद पडतो, तिन्ही कंपन्यांना घेऊन. मी तक्रारी करते, त्या एकीकडून दुसरीकडे जातात. तशा सकाळी आई काठी घेते आणि टेकडी चढायला लागते, कारण तिथून फोन लागतो हे तिला माझ्याच तोंडून कळलंय. मी खोटं बोलले होते हे तिला सांगितलंही, दोनदा. तिला ते पटत नाही. ती म्हणते, "मी चढू नये म्हनून बोलतीस तू."